दिल्लीचा पूल आणि ओटीतले गहू

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे, आणि वीस वर्षं मुलींच्या शाळेत परीक्षांवर देखरेख करून तो माझा धंदाही झाला आहे. त्यामुळे गेल्या माघात वसंताकडून तुपाचा डबा आला तेव्हा आई हरखली, आमच्या ह्यांनी झाकण काढून 'वा!' म्हटलं, आणि माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

वसंता माझा धाकटा भाऊ. ओव्हरसियर आहे. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि लगेच त्याची बदली उस्मानाबाद जिल्ह्यात झाली, तेव्हा आमच्या घरात सुतक आल्यासारखी शांतता पसरली होती. आता त्याला तिथं तीन वर्षं झाली. त्याच्याकडं रस्ते, पूल, विहिरी अशी कामं. मागास भाग म्हणून त्या कामांचा मोठा वाटा दिल्लीहून येतो. दिल्लीहून निघालेला पैसा खेड्यापर्यंत पोचतच नाही, वाटेतच जिरतो, असं पुण्यात आमच्या आळीत रोज संध्याकाळी एकमतानं ठरायचं. त्या एकमतात मीही असायचे. पण ज्या वाटेत तो जिरतो, त्या वाटेवर आपलाच वसंता उभा आहे हे तूप येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

परीक्षा संपल्या नव्हत्या, तरी मी रजा टाकली. आईला सांगितलं, देवीला जाऊन येते.

तुळजापूर

सोलापूरपासून बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली होती. कोंबडी बाईपेक्षा शांत होती. तामलवाडी मागं पडली तशी जमीन काळी, उघडी आणि लांबच लांब झाली. ज्वारी कापून झाली होती, खळ्यांवर कडब्याच्या गंजी उभ्या होत्या. पुढं घाट चढून तुळजापूर आलं.

वसंता देवळाजवळच एका पुजाऱ्यांच्या घरी माडीवर भाड्यानं राहतो. मी खोली अशी पाहिली की पोलिसांनीही तशी पाहिली नसती. एक खाट, एक ट्रंक, एक सायकल, नकाशांच्या गुंडाळ्या. सायकल नवी होती.

"ही कधी घेतलीस?"

"दिवाळीत. सरकारी उसन्यावर. पगारातून कापतात."

"आणि ते तूप?"

"आमच्या जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजारातून. तिकडं काम होतं. आईला आवडतं म्हणून घेतलं."

"पावती आहे?"

तो मोठ्यानं हसला. "ताई, तुपाची पावती पुण्यात तरी देतात का?"

मीही हसले. पण खोटं बोलणारी मुलं आधी हसतात, हे मी वर्गात पाहिलेलं आहे.

जेवायला घरमालकीण काकूंनी बोलावलं. कडक भाकरी, येसरची आमटी, शेंगांची चटणी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. त्याच्या आमटीला असा काही वास येतो की मी तीन वाट्या प्यायले. आमच्याकडं वाढताना 'आणखी घेणार का?' असं विचारतात, म्हणजे पाहुणा 'नको' म्हणतो. इथं विचारत नाहीत, वाढतात. काकूंना मी सहज म्हणावं तसं विचारलं, "वसंताकडं गावचे लोक येतात का हो, काही घेऊन?"

"येतात की," काकू म्हणाल्या. "जाताना बी घेऊनच जातात."

मला हे उत्तर सरळ वाटलं नाही.

ओढ्यापलीकडचं गाव

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढं कळेल. तामलवाडीला उतरून बैलगाडीनं तासाभराची वाट, आणि वाटेत एक ओढा. मार्चमध्ये त्यात पाणी नव्हतंच, गोट्यांवरून गाडी खडखडत गेली. पण दोन्ही काठ पुरुषभर उंच कापलेले होते.

"पावसाळ्यात हे गाव तोडून टाकल्यासारखं होतं," वसंता सांगत होता. "इथं फरशीचा पूल मंजूर झालाय. सिमेंट, खालून पाणी जायचे नळ आणि गवंड्याची मजुरी दिल्लीच्या पैशातून. गावानं दगड आणि मुरूम वाहायचा. तसं लिहून द्यायचं, आणि मार्च संपायच्या आत काम सुरू व्हायला पाहिजे. नाहीतर पैसा परत जातो."

"परत जातो, की दुसरीकडं जातो?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि गाडीवानाशी बैलांबद्दल बोलायला लागला.

चावडीसमोर लिंबाखाली पंधरा-वीस माणसं जमली होती. मधे पाटील, साठीचे, पांढरा फेटा, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या हातांकडं बघणारे. वसंतानं श्रमदानाचं सगळं समजावून सांगितलं. छान बोलला. 'आपला देश, आपला पूल' असंही म्हणाला. मग पाटलांनी विचारलं, "म्हंजी धोंडे आमी वाहायचे, आन पैका न्हाय?"

"नाही. तो गावचा वाटा."

"निजामाच्या वक्ताला ह्याला वेठ म्हनायचे," पाटील शांतपणे म्हणाले. "पोलीस अॅक्शन झाली तवा सांगितलं, वेठ गेली. आता नाव बदलून आली व्हय?"

लोक हसले. वसंता लाल झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "हैद्राबादेला आमचे कागूद जायाचे ते कदी माघारी आले न्हाईत. दिल्ली तर लई लांब. तिला आमच्या वढ्याचं काय पडलंय?"

खरं सांगते, मला ती माणसं एकदम जवळची वाटली. इतका निर्मळ संशय मी पुण्याबाहेर प्रथमच पाहत होते.

तरीही तासाभरानं ठरलं. येत्या मंगळवारी, देवीच्या वारी, नारळ फोडायचा, सगळ्यांनी कागदावर अंगठे करायचे आणि काम सुरू.

बायकांनी मला आत नेलं. पाटलांची बायको कोंडाबाई. उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेल्या सोन्याच्या सात पुतळ्या, नाण्यासारख्या चपट्या, मधेमधे पोवळी. सात कशावरून? मी मोजल्या. मागास भाग म्हणून दिल्लीहून मदत येते आणि इथं गळ्यात सोनं, असा विचार माझ्या मनात आला, तो लपवत नाही.

कोंडाबाईंनी न विचारता गुळाचा चहा पुढं ठेवला आणि म्हणाल्या, "पूल व्हतोय का खरंच, अक्का?"

"साहेब म्हणतायत तर होईल."

"माजी सोना वढ्याच्या पल्याड दिलीय. तामलवाडीच्या अंगाला. तीन सालं झाली, पंचमीला माहेरी आली न्हाय. श्रावनात वढा उतरू देत न्हाय. लेकीला झुला हितं बांधायचा आन लेक तिकडं." त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "गेल्या साली नवरा घेऊन आलता तिला, त्या काठापत्तुर. पोर झालीय तिला. तिनं पोर वर धरून दावली. म्या ह्या काठाला. पान्याच्या आवाजात तिचं बोलनं काय ऐकू आलं न्हाय. पोरीचं तोंड बी नीट दिसलं न्हाय."

मी चहा संपवला.

पुन्हा तुळजापूर

दुसऱ्या दिवशी वसंता उस्मानाबादला गेला आणि मी देवळात. दर्शन झाल्यावर चिंतामणीपाशी गेले. हा एक गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न विचारायचा. उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं फिरला तर नाही. हात आपलेच फिरवत असणार, हे मला माहीत होतं. तरी मी बसले. विचारलं, माझा भाऊ लाच घेतो का?

दगड हलला नाही. मी जोर लावला असता तर हलला असता, पण कुठल्या बाजूनं लावावा हेच कळेना.

"थांब म्हनतोय," मागच्या बाई म्हणाल्या. "व्हा बाजूला आता."

घरी आले तर जिन्यात पाटील बसलेले. जवळ तुपाचा तांब्या आणि शेंगांचं पोतं.

"सायबासाठी," ते म्हणाले.

वीस वर्षांची पर्यवेक्षिका माझ्यात जागी झाली. मी जिन्यातच सुरू केलं. आम्ही असलं काही घेत नाही, तुम्हाला लाज वाटायला पाहिजे, दिल्लीचं सरकार तुमच्यासाठी एवढं करतंय आणि तुम्ही माझ्या भावाला बिघडवताय, पुन्हा आणलंत तर पोलिसांत देईन. काकू वरून ऐकत होत्या, त्यामुळे आवाज जरा चढलाच.

पाटील उठले. पोतं खांद्यावर घेतलं. "सायबाचा बी ह्योच हुकूम हाय?"

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि खाली उतरून गेले.

संध्याकाळी वसंताला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस. ह्या गावानं तीनदा आणलं, मी तीनदा परत केलं. ही चौथी खेप." काकूंच्या उत्तराचा अर्थ मला आत्ता कळला. लोक घेऊन येत होते आणि घेऊन जात होते. मन थोडं हलकं झालं. थोडंच, कारण माझ्यासमोर तो दुसरं काय सांगणार होता?

मंगळवार

मंगळवारी सकाळी ओढ्यावर गवंडी होता, सिमेंटचे नळ होते, नारळ होता, अंगठ्यांसाठी शाईचा ठोकळा होता. माणूस एकही नव्हता. ऊन चढेपर्यंत आम्ही उभे राहिलो. वसंतानं नारळ या हातातून त्या हातात घेतला, शेवटी पिशवीत ठेवला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मार्चचे थोडेच दिवस उरले होते.

आम्ही चालत गावात गेलो. पाटलांनी उठून रामराम केला. "खळी चाललीत सायब. मानसं मोकळी न्हाईत." ती न मोकळी माणसं लिंबाखाली बसून तंबाखू मळत होती. वसंता पाटलांशेजारी चावडीत बसला आणि मला कोंडाबाईंनी आत बोलावलं.

या वेळी चहा आला नाही. त्या माझ्यासमोर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "अक्का, कोनत्या गावाला दिला आमचा पूल?"

"कुठल्याच नाही. नळ येऊन पडलेत की ओढ्यावर."

"नळ काय, उचलून नेत्यात. आमी काय पाह्यलं न्हाय व्हय? पूर्वी गिरदावर आला हुता, म्हंजी वसुलीचा सायब. त्यानं कोंबडं, तूप, रुपयं, समदं घेतलं. गावाला हीर झाली. दुसरा आला, त्यानं काय बी घेतलं न्हाय. आमी म्हनलं, देवमानूस. तर तळं गेलं पल्याडच्या गावाला. मागनं कळलं, त्यांनी आमच्यापरीस जास्ती दिलतं." त्यांनी बोटावर मोजलं. "तुमच्या सायबानं तीनदा माघारी धाडलं. तुमी तर पोलिसाचं नाव काढलं. मंग आमी काय समजावं? दुसऱ्याच्या पुलाला धोंडे फुकट कशाला वाहायचे?"

मी थक्क झाले. ज्या गोष्टीचा मला जिन्यात एवढा अभिमान वाटला होता, तिनंच पूल अडवला होता.

"अहो, साहेबांना पगार मिळतो," मी म्हटलं.

"गिरदावराला बी मिळतच हुता की."

मी सांगून पाहिलं, की आता राज्य बदललंय, आता हक्क आहे, मागायची आणि द्यायची गरज नाही. वर्गात समजावते तसं समजावलं. कोंडाबाई ऐकत होत्या, पण वर्गातल्या मुली ऐकतात तसं, नुसतंच. शेवटी मी खरं काय ते बोलले. "कोंडाबाई, मलाही माझ्या भावाचा संशयच होता. तो घेतो की काय, हे बघायलाच मी पुण्याहून आले. तो घेत नाही एवढंच मला दिसलं."

त्यांनी मला एकदा नीट बघून घेतलं. मग उठल्या. "उन्हाच्या आलाव. सवाष्णीला रिकामं कसं लावू? बसा, वटी भरते."

ओटीला नाही म्हणायची सोय नसते. सवाष्ण बाईनं सवाष्णीची ओटी परतवली तर ते अपमानाच्या पलीकडचं असतं, हे पुण्यातही आणि तिथंही सारखंच. त्या आतल्या खोलीत गेल्या, जरा वेळानं सूप घेऊन आल्या. हळद, कुंकू, हिरवा खण, नारळ. मी पदर पुढं केला. पाच ओंजळी गहू घातले त्यांनी, शेवटची ओंजळ अगदी हळू. मग माझ्याच हातांनी मला पदर मिटायला लावला आणि म्हणाल्या, "वटीतलं घरी जाऊनच उघडायचं. हितं कुनाला देऊ नका."

मी गहू तिथंच खणात बांधून घेतले. त्या बाहेर जाऊन पाटलांशी काहीतरी बोलल्या. आम्ही धपाटे आणि दही खाऊन निघालो. वाटेत वसंता एक शब्द बोलला नाही.

बुधवार

बुधवारी गवंड्याला सामान आवरून परत पाठवायचं म्हणून आम्ही ओढ्यावर गेलो, तर गाव लोटलं होतं. बायका पाट्या घेऊन, पुरुष पहारी घेऊन, सहा बैलगाड्या. पाटलांनी पहिला अंगठा उठवला. नारळ फुटला. कोंडाबाई पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून मुरूम भरत होत्या. मला बघून त्या हसल्या, ओळखीच्या माणसाला हसावं तशा.

वसंता लहान मुलासारखा इकडून तिकडं धावत होता. मी काठावर उभी राहून हिशेब घालत होते. काल नाही, आज हो. मधे घडलं काय? वसंता पाटलांबरोबर चावडीत तासभर बसला होता. एकटा. आणि वाटेत गप्प होता.

दुपारी तो पाणी प्यायला आला तेव्हा मी विचारलंच. "खरं सांग, काल चावडीत काय घेतलंस?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही.

"पाणी," तो म्हणाला. "तांब्याभर पाणी घेतलं."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बसवर सोडायला आला, माझी ट्रंक टपावर नीट बांधून घेतली, खिडकीशी उभा राहिला आणि 'पोचल्याचं पत्र टाक' एवढं बसच्या चाकाकडं बघून म्हणाला. मी सोलापूरपर्यंत स्वतःला सांगत होते, की दुखावलेलं माणूस आणि पकडलेलं माणूस बाहेरून सारखंच दिसतं. आईला मी सांगितलं, वसंता बरा आहे, वाळलाय थोडा. बाकी काही सांगितलं नाही.

पुणे

ओटीचे गहू घरच्या गव्हात मिसळून पाडव्याला दळून आणावेत, म्हणून मी ते ताटात ओतले आणि निवडायला बसले. तिसऱ्या-चौथ्या बोटाला काहीतरी सपाट लागलं. खडा समजून काढलं. पुतळी होती. कडीला लाल दोऱ्याचा तुटका धागा तसाच होता.

मी ताट खाली ठेवलं. कोंडाबाईंचा आतल्या खोलीत लागलेला वेळ, शेवटची हळू ओंजळ, 'घरी जाऊनच उघडायचं', गळ्याभोवती लपेटलेला पदर, बुधवारचं ते हसू. एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर झाली होती आणि मी, जिला मुलीच्या बाहीतली चिठ्ठी लांबून दिसते, तिनं बघून न बघितल्यासारखी केली होती. कारण मी सगळा वेळ वसंताकडं बघत होते. मला रडू आलं.

त्याच दिवशी वसंताला सगळं लिहिलं. माफी मागितली. आजवर त्याची कधी मागितली नव्हती, त्यामुळे तीन कागद फाडले. पुतळी रजिस्टरनं पाठवते, तू कोंडाबाईंना परत कर, असंही लिहिलं.

त्याचं उत्तर यायला बारा दिवस लागले. ते असं:

"ती. ताईस सा. न. वि. वि. पुतळी पाठवू नकोस. ती परत गेली की पूल दुसऱ्या गावाला गेला असं समजून सगळे घरी बसतील. पुलाच्या दोन मोऱ्या झाल्या, तीन राहिल्या. मृगाच्या आत पुरं करायचं आहे. पुतळी सांभाळून ठेव. पंचमीला तू स्वतः ये. सोना पुलावरून आली की तिच्या देखत कोंडाबाईंची ओटी भर आणि पुतळी गव्हात घाल. ओटी त्यांनाही परतवता येणार नाही. कळावे, वसंत.

ता. क. तीन वर्षांत मी जे घेतलं नाही, ते तू चार दिवसांत घेतलंस."

पुतळी देवाच्या डब्यात ठेवली आहे आणि पत्र तिच्याखाली. आषाढ लागला आहे. मी खण आणून ठेवला आहे, हिरवाच. तिकडं पाऊस कितपत झाला, हे मी रोज वर्तमानपत्रात बघते, आणि पूल पहिल्या पाण्याला टिकला का, हे वसंता अजून लिहीत नाही.